कंबरदुखीच्या गोळ्या आणि प्रश्न विचारणारं मेडिकल

कराडातल्या ज्या मेडिकलबद्दल लिहितोय त्याचं नाव देत नाही. देऊ का म्हणून विचारलं, तेव्हा तिथल्या फार्मासिस्ट ताई म्हणाल्या, "नको काका. उद्या लांबलांबून लोक ट्रॅमाडोल मागायला येतील आणि त्यांना परत पाठवता पाठवता आमच्या नाकी नऊ येतील." मला पटलं. त्यामुळे पत्ता मागू नका. दुखण्याच्या जोरदार गोळ्या महिनोन् महिने चालू असतात तेव्हा मेडिकलवाल्याने गिऱ्हाइकासाठी काय काय करायला हवं, ते मी एका दुकानात बघितलं. तुमच्या गावच्या दुकानाला तेच माप लावून बघा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कशासाठी कापला तेही सांगतो.

मी एसटीत ड्रायव्हर. वय ५२. कराड–चिपळूण, म्हणजे पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, हा माझा नेहमीचा रस्ता. गेल्या गणपतीनंतर कंबरेतून डाव्या पायात कळ जायला लागली. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकून नस दाबतेय असं निघालं. क्लच दाबला की पोटरीपर्यंत वीज जायची. रजा टाकली. साध्या गोळ्यांनी भागेना, तेव्हा डॉक्टरांनी ट्रॅमाडोल सुरू केलं. आधी पॅरासिटॅमॉलबरोबरची जोडगोळी, मग नुसतं ट्रॅमाडोल ५० मिलिग्रॅम, दिवसाला चार. रात्री नसेसाठी प्रीगाबालिन ७५. जानेवारीत ऑपरेशन झालं, चांगलं झालं, पण गोळ्या मार्चअखेरपर्यंत चालूच राहिल्या.

ट्रॅमाडोल हे अफूच्याच कुळातल्या औषधांसारखं काम करतं. कारखान्यात बनतं, पण मेंदूत जाऊन बसतं त्याच जागी, जिथे मॉर्फिन बसतं. त्याशिवाय मनाच्या औषधांसारखंही थोडं काम करतं, म्हणजे मेंदूतली दोन रसायनं, सिरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन वाढवतं. म्हणून ते अचानक तोडलं तर शरीर दोन्ही बाजूंनी ओरडतं. हे मला आज ठाऊक आहे ते त्या काउंटरवर उभ्या उभ्या ऐकलं म्हणून. ऑपरेशन जिथे झालं तिथल्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावं होती, वेळा होत्या. बंद कशा करायच्या त्याची एक ओळसुद्धा नव्हती.

पहिल्यांदा या दुकानात गेलो ते केवळ घराजवळ म्हणून. त्याआधी स्टँडच्या बाजूला एका दुकानातून घ्यायचो. तिथे चिठ्ठी दाखवली की माणूस नजर न उचलता पाकीट पुढे सरकवायचा. काम झटपट, तक्रार काहीच नव्हती. इथे मात्र ताईंनी चिठ्ठी हातात घेतली आणि खालपर्यंत वाचली. मग प्रश्न सुरू. आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत? शुगर, बीपी? झोपेची गोळी? मन शांत राहायची, डिप्रेशनची? कधी फिट आली होती का? दारू घेता का? मी बिचकलो. मागे चार माणसं उभी. पण त्यांनी आवाज खाली आणला आणि प्रत्येक प्रश्नामागचं कारण सांगितलं. ट्रॅमाडोलने फिट येऊ शकते, ज्याला आधी आलेली आहे त्याला धोका जास्त. डिप्रेशनच्या काही गोळ्यांबरोबर घेतलं तर अंग थरथरणं, ताप, गोंधळ, असं विषारी दुखणं होऊ शकतं. झोपेच्या गोळीबरोबर किंवा दारूबरोबर घेतलं तर झोपेत श्वास मंदावतो आणि माणूस उठतच नाही.

प्रीगाबालिनही श्वासाच्या बाबतीत त्याच बाजूचं औषध आहे, त्यामुळे रात्रीच्या दोन गोळ्यांवर तिसरी झोपेची अजिबात घालायची नाही, हे त्यांनी चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं. डेपोतला एक मित्र मला सारखा सांगायचा, "रात्री झोप लागत नाही ना? माझ्याकडे अल्प्राझोलाम आहे, अर्धी घे." घेतली नव्हती, आणि त्या दिवसानंतर त्यालाही समजावून सांगितलं.

मग रजिस्टर. लांबट, लाल पुठ्ठ्याचं, हाताने लिहिलेलं. डॉक्टरचं नाव-पत्ता, माझं नाव, औषध, नग, तारीख. मला वाटलं कुठली तरी सरकारी कटकट असेल. ताई म्हणाल्या, हे शेड्यूल एच-१ चं रजिस्टर. १ मार्च २०१४ पासून ठरावीक औषधांची नोंद वेगळ्या रजिस्टरात करायची आणि ती ३ वर्षं जपायची, असा नियम आहे. त्यात जोरदार अँटिबायोटिक्स आहेत, टीबीची औषधं आहेत, झोपेच्या गोळ्या आहेत आणि ट्रॅमाडोलही आहे. त्यात भर म्हणजे एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडोल अमली पदार्थांच्या कायद्याखाली, एनडीपीएसखाली आलं. पाकिटावर लाल अक्षरांत एनआरएक्स असतं ते त्यासाठी. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. इतकी पाकिटं फोडली होती, कधी नीट बघितलं नव्हतं. चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख पडली, म्हणजे त्याच चिठ्ठीवर दुसऱ्या दुकानातून पुन्हा गोळ्या निघणार नाहीत.

गोळ्या कापून देण्याची त्यांची रीतही बघण्यासारखी आहे. पाकीट अर्धं द्यायचं असेल तर बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेली बाजू त्या गिऱ्हाइकाला देतात, कोरी बाजू दुकानात ठेवतात आणि तिच्यावर पेनने तारीख घालतात. मग कागदी पिशवीवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहितात: सकाळी ८, दुपारी २, रात्री ८, झोपताना. खाली एक रेघ आणि "गाडी चालवायची नाही". माझ्या धंद्यातल्या माणसाला ही शेवटची ओळ किती महत्त्वाची आहे ते सांगायला नको. दारू पिऊन गाडी चालवायला बंदी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. मोटार वाहन कायद्याच्या त्याच १८५ कलमात औषधाच्या अमलाखाली गाडीवरचा ताबा राहत नसेल तर तोही गुन्हा आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असतं. मी रजेवर होतो, पण घरची दुचाकीही त्या दिवसांत मुलानेच चालवली.

आता ज्या दिवसामुळे मी हे लिहायला बसलो तो दिवस.

मार्चअखेरीस तपासणीला गेलो. मोठे डॉक्टर नव्हते. ओपीडीतल्या कनिष्ठ डॉक्टरांनी पाय वर करायला लावला, टाके बघितले, म्हणाले, "छान आहे, आता दुखीच्या गोळ्या बंद." मला आनंदच झाला. घरी येऊन पाकीट कपाटात टाकलं आणि बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही नाही. संध्याकाळी जांभया सुरू झाल्या. जांभई म्हणजे झोपेची नव्हे. एक संपली की दुसरी, डोळ्यांतून पाणी, नाक गळतंय. रात्री पाय स्वस्थ पडेनात. दुखत नव्हते, पण आतून कुणीतरी ढकलतंय असं वाटून सारखे हलवावे लागत. उन्हाळ्याचे दिवस, बाहेर नुसती लाही, आणि माझ्या दंडावर काटा उभा. एकीकडे थंडी वाजतेय आणि दुसरीकडे बनियन पिळून काढावं इतका घाम. पहाटे जुलाब लागले. सगळ्यात वाईट म्हणजे कंबर पुन्हा ठणकायला लागली. मनात आलं, ऑपरेशन वाया गेलं. बायको म्हणाली, "व्हायरल दिसतंय, गावात साथ आहे." ती चूक नव्हती, बघणाऱ्याला ते व्हायरलच वाटतं.

सकाळी मेडिकलमध्ये गेलो तो सर्दीची आणि जुलाब थांबवायची गोळी आणायला. ताईंनी माझ्याकडे बघितलं. दोन जांभया मी त्यांच्यासमोर दिल्या असतील.

"काका, कंबरेच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"बंद केल्या. परवा. डॉक्टरांनीच सांगितलं."

त्या काही बोलल्या नाहीत. रजिस्टर काढलं आणि पानं मागे उलटत गेल्या. मार्च, फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर. प्रत्येक महिन्यात माझं नाव. बोट त्या ओळींवरून फिरत होतं. मग म्हणाल्या, "हे व्हायरल नाही. एवढे महिने रोज २०० मिलिग्रॅम आत जात होतं. शरीराने ते धरून स्वतःचं सगळं जुळवून घेतलंय. आता एका फटक्यात काढून घेतलं म्हणून ते बोंब मारतंय. कंबर ठणकतेय तीही बहुतेक यातलीच आहे, ऑपरेशन बिघडलं असं लगेच धरून बसू नका."

मी पहिला प्रश्न विचारला तो कुणीही विचारील: म्हणजे मला व्यसन लागलं? त्यांनी तिथेच थांबवलं. सांगितलेल्या मात्रेत, सांगितलेल्या वेळी गोळी घेणाऱ्याच्या शरीरालाही अशी सवय लागते. ते या औषधाचं कामच आहे, माणसाच्या चारित्र्याशी त्याचा संबंध नाही. व्यसन म्हणजे नुकसान होतंय हे दिसत असूनही ओढ आवरत नाही, दुखत नसतानाही गोळी हवीशी वाटते, मात्रा आपली आपण वाढत जाते, लपवाछपवी सुरू होते. पहिल्याला सावकाश उतरवायचं असतं, दुसऱ्याला त्याबरोबर मोठा आधार लागतो. माझा जीव भांड्यात पडला. या एका उत्तरासाठी मी त्या दुकानाला जन्मभर मानेन.

पण लक्षात घ्या, त्यांनी मला गोळी दिली नाही. माझे हाल डोळ्यांनी बघत होत्या, कपाटात माल होता, मी ओळखीचा होतो, तरी चिठ्ठीशिवाय एक गोळीसुद्धा दिली नाही. आणि घरी उरलेल्या पाकिटातून मनाने चार गोळ्या सुरू करू नका, आधी डॉक्टरांशी बोला, असंही बजावलं. सर्दीची गोळी दिली नाही, कारण तिने गुंगी वाढते. जुलाबाच्या गोळीची घाई करू नका म्हणाल्या, ओआरएसची पाकिटं दिली, एक लिटर पाण्यात एक पाकीट, घोट घोट. मग दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. ताईंनीच एका चिठ्ठीवर पाच-सहा ओळींत लिहिलं: औषध, रोजची मात्रा, किती महिन्यांपासून, कधी बंद केलं, आत्ता काय होतंय. ती घेऊन मी संध्याकाळच्या ओपीडीला गेलो. मोठ्या डॉक्टरांनी ती वाचली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे लिहिणाऱ्याला माझा नमस्कार सांगा." नवी चिठ्ठी लिहून दिली. पुन्हा चारवर न जाता तीनपासून सुरुवात, आणि तिथून खाली.

रात्री आठला पहिली गोळी घेतली. दहापर्यंत पाय थांबले.

कमी करायची पद्धत सांगतो, पण ती माझ्यापुरती आहे. तुमची मात्रा, तुमचं वय, तुमची किडनी-लिव्हर, तुमचं दुखणं वेगळं, म्हणून आकडे तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. मला पंधरवड्याला अर्धी गोळी, म्हणजे २५ मिलिग्रॅम कमी करायची होती. साधारण नियम असा की एका वेळी मूळ मात्रेच्या दहा ते पंचवीस टक्के कमी करायचं, आणि जितके महिने जास्त घेतलंय तितकं उतरणं सावकाश. वर्षभर किंवा जास्त घेणाऱ्याला महिन्याला दहा टक्के इतकं हळूही न्यावं लागतं. त्रास वाढला तर त्याच पायरीवर आणखी काही दिवस थांबायचं, वर चढायचं नाही. कुंभार्ली घाट उतरताना गाडी कुणी न्यूट्रलला टाकत नाही, खालच्या गिअरमध्ये धरून आणतो. तसंच.

इथे दुकानाचं काम पुन्हा दिसलं. आधी माझ्याकडे कॅप्सूल होत्या. कॅप्सूल अर्धी करता येत नाही. ताईंनी डॉक्टरांना सांगून ५० च्या साध्या, मधे रेघ असलेल्या गोळ्या लिहून घेतल्या आणि त्या मागवल्या. हळूहळू विरघळणाऱ्या, नावापुढे एसआर लिहिलेल्या गोळ्या कधीही तोडायच्या, चावायच्या किंवा कुटायच्या नाहीत, कारण बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं. हे त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं. गोळी कापायचं छोटं प्लॅस्टिकचं यंत्र दिलं, त्यात पातं असतं. सुरीने कापली की भुगा होतो आणि मात्रा चुकते.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर बायकोने प्रत्येक पायरीचा दिवस पेन्सिलीने गोल केला. वेळा ठरलेल्या ठेवल्या. दुखलं की घेतली असं करायचं नाही, घड्याळ बघून घ्यायची, म्हणजे मधे खड्डा पडत नाही. तीन वरून दोन पर्यंत फारसं काही जाणवलं नाही, एखाद्या रात्री झोप उडायची इतकंच. शेवटच्या अर्ध्या गोळीवरून शून्यावर येणं सगळ्यात जड गेलं. तिथे डॉक्टरांनी आणखी वेळ दिला. पाय पुन्हा थोडे वळवळले, चिडचिड झाली, दोन-तीन दिवसांत शमलं. ट्रॅमाडोल पूर्ण सुटल्यावरच प्रीगाबालिनला हात लावला, तेही एकदम तोडलं नाही. दोन्ही औषधं एका वेळी कमी करायला घेतली तर कशाचा त्रास कशामुळे होतोय ते कळत नाही.

एक धोका ताईंनी मला सोडून बायकोला समजावला, आणि ते फार योग्य केलं. काही आठवडे कमी घेतल्यावर शरीराची सहन करायची ताकदही कमी होते. मग एखाद्या रात्री दुखतंय म्हणून जुनी, मोठी मात्रा एकदम घेतली तर जी आधी पचत होती तीच जीवावर बेतू शकते. खूप गुंगी, बोलणं जड, डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक, श्वास संथ, ओठ निळसर, असं दिसलं तर वाट न बघता १०८ ला फोन करायचा.

बद्धकोष्ठाचंही सांगितलं. या गोळ्यांनी आतडं मंद होतं. आमच्याकडे सगळे इसबगोलावर विश्वास ठेवतात. या गोळ्यांमुळे झालेल्या बद्धकोष्ठाला नुसत्या इसबगोलाने भागत नाही, पाणी कमी प्यायलं तर आणखी घट्ट होतं. डॉक्टरांना विचारून आतड्याला चालना देणारं औषध सुरुवातीपासूनच घ्यावं. मला कुणी आधी बोललं असतं तर ऑपरेशननंतरचे दहा दिवस सुखाचे गेले असते. ताकावर आणि पाण्यावर भर दिला, संध्याकाळी चालणं ठेवलं, तेही उपयोगी पडलं.

पॅरासिटॅमॉलच्या हिशेबाचंही तसंच. ताप आला, डोकं दुखलं, सर्दी झाली की आपण जी पाकिटं आणतो त्यातल्या बहुतेकांत पॅरासिटॅमॉल असतं. ट्रॅमाडोलच्या जोडगोळीतही ३२५ मिलिग्रॅम असतं. चोवीस तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर मोठ्या माणसानेसुद्धा जायचं नाही, लिव्हरचा प्रश्न आहे. दारू घेणाऱ्याला ती हद्द आणखी खाली. मी त्यांच्याकडून घरातली औषधांची पिशवीच तपासून घेतली. तीन वेगवेगळ्या नावांखाली तेच औषध निघालं.

माझ्या नात्यातल्या एका बाईंना कॅन्सरचं दुखणं होतं, त्यांच्यासाठी मॉर्फिन मिळेल का म्हणून इथेच विचारलं होतं. इथे मिळत नाही. पण नाही म्हणून हात झटकले नाहीत. २०१४ मध्ये एनडीपीएस कायद्यात बदल होऊन मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन वगैरे सहा औषधं अत्यावश्यक ठरली, आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ती ठेवायला वेगवेगळे परवाने गोळा करत बसावं लागत नाही, म्हणून थेट कॅन्सर रुग्णालयाच्या वेदना विभागात जा, हे त्यांनी सांगितलं. पुढे त्या बाईंना फेंटॅनिलचा पॅच लागला, तेव्हा घरच्यांनी तो लावलेल्या जागी गरम पाण्याच्या पिशवीने शेकायला सुरुवात केली होती. ताईंना कळताच त्यांनी थांबवलं. उष्णतेने पॅचमधलं औषध भराभर अंगात जातं. काढलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा. त्यात औषध उरलेलं असतं आणि घरात पोर असेल तर तेवढं जीव घ्यायला पुरतं.

माझाही नातू दोन वर्षांचा आहे. गोळ्या टीव्हीवरच्या डब्यातून निघून कपाटात कुलुपात गेल्या त्या त्यामुळे. उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं तेही विचारलं. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये १७ औषधांची यादी काढली आहे, जी उरली तर कचऱ्यात न टाकता संडासात टाकून पाणी सोडायची. ट्रॅमाडोल, टॅपेंटाडोल, मॉर्फिन, फेंटॅनिल त्यात आहेत. शेजाऱ्याची कंबर दुखतेय म्हणून उरलेलं पाकीट त्याला द्यायचं, ही आपल्याकडची माया इथे महागात पडते.

आता अर्धा तारा का कापला ते. दुकानाचे मालक वयस्कर आहेत, माणूस चांगला, पण आवाज मोठा. "ट्रॅमाडोल कुणाचं आहे?" असं गर्दीत ओरडायचे. या औषधाचं नाव आता पेपरात नशेच्या बातम्यांत येतं, त्यामुळे सगळे वळून बघतात. मी ताईंना आडपडदा न ठेवता सांगितलं. आता ते नाव न घेता कागदावर टोकन नंबर देतात. तरी काउंटर अरुंद आहे, बोलायला आडोसा नाही, बसायला एकच स्टूल. मणक्याच्या रुग्णाला दहा मिनिटं उभं राहणं म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक. दुपारी दीड ते पाच दुकान बंद असतं. छापील किमतीवर सूटही नाही, ऑनलाइनवाले जी टक्केवारी दाखवतात तशी अपेक्षा ठेवू नका. मला सूट नको आहे. त्या रजिस्टरच्या पानांना मी जास्त किंमत देतो.

दुसरी एक अडचण दुकानाची नाही, पण सोसावी दुकानालाच लागते. कायदा कडक झाल्यापासून अनेक मेडिकलवाल्यांनी ट्रॅमाडोल ठेवणंच सोडलं. कटकट नको म्हणतात. याचा फटका खऱ्या रुग्णाला बसतो. सुट्टीत गावाला जावं, गोळ्या संपाव्यात, आणि दहा दुकानं फिरून कुठेच मिळू नयेत, म्हणजे इच्छा नसताना अचानक बंद. आमच्या डेपोतल्या एका कंडक्टरचं उलटं झालं. दिवसभर उभं राहून गुडघे गेलेले. एका दुकानातून त्याला चिठ्ठीशिवाय हवं तेवढं मिळत राहिलं. दोन वर्षं कुणी विचारलं नाही. आता तो व्यसनमुक्तीचे उपचार घेतोय आणि सावरतोय. त्याच्यासारख्यांसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा फुकट नंबर आहे, मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ आहे, आणि पुण्यात मुक्तांगण हे केंद्र १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय. फोन करायला लाजू नका.

या दुकानात जायचं असेल किंवा तुमच्या गावात असं दुकान शोधायचं असेल तर काही गोष्टी बरोबर न्या. मूळ चिठ्ठी, मोबाइलमधला फोटो चालत नाही. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, आयुर्वेदिकसुद्धा. डिस्चार्ज कार्ड. गोळ्या संपायच्या तीन-चार दिवस आधी सांगा, कारण स्टॉकिस्टकडून हे औषध मोजूनच येतं. गणपती, दिवाळीच्या आधी तर आठवडाभर आधी. दुकानात लायसन्सशेजारी फार्मासिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र लावलेलं असतं. त्यावरचा फोटो आणि काउंटरवरचा माणूस एकच आहे का ते बघा, नसेल तर फार्मासिस्ट कधी असतात ते विचारून त्या वेळेला जा. आणि डॉक्टरांनी अशी गोळी पहिल्यांदा लिहून दिली की खुर्चीतून उठायच्या आधी विचारा: किती दिवस घ्यायची, आणि बंद करायची ती कशी? उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. आमच्या ताई ते वाचल्याशिवाय पहिलं पाकीट देत नाहीत.